शीतपेटी, प्रशीतक की बर्फाची पेटी?

बेळगावहून विचारणा: कॅम्पातला एक जुना बंगला पाडायचाय. आम्ही दोघं भाऊ आतलं सामान काढतोय आणि एकेक वस्तूची यादी करतोय. स्वयंपाकघरामागच्या खोलीत सागवानी कपाट मिळालं. दार चार बोटं जाड, कडी पितळेची, आतून सगळीकडे जस्ताचा पत्रा, तळाला एक भोक. वायर नाही, मोटर नाही. दाराची एक फळी सुटली तर आतून लाकडाचा भुसा गळायला लागला. यादीत काय लिहू? भाऊ म्हणतो 'शीतपेटी', पण तो शब्द फ्रीजला वापरतात ना? 'प्रशीतक' असंही एके ठिकाणी वाचलं. काकू मात्र बघताक्षणी म्हणाल्या, "अरे, ही बर्फाची पेटी."

खानापूरहून: काकूंचंच लिहा. ही पेटी गारवा तयार करत नाही, नुसता धरून ठेवते. वरच्या कप्प्यात बर्फाची लादी ठेवायची. गार हवा जड, ती खाली दुधा-लोण्यावर उतरते, आणि वितळलेलं पाणी त्या भोकातून बाहेर. भुसा उष्णता आत येऊ देत नाही. 'शीतपेटी' हा शब्द फ्रीजसाठी घडवला खरा, पण फ्रीजला सगळे फ्रीजच म्हणतात, तेव्हा तो इथे वापरला तरी माझी हरकत नाही. 'प्रशीतक' मात्र नको. तो शब्द कुणी यंत्राला वापरतं, कुणी आतल्या वायूला, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. उष्णता उचलून बाहेर नेण्याचं काम करतो तो अमोनिया किंवा फ्रीऑनसारखा वायू. प्रशीतक त्यालाच म्हणावं, यंत्राला नाही.

अशा बंगल्यांत आणखी एक प्रकार सापडू शकतो. दिसायला फ्रीज, पण तळाशी रॉकेलची टाकी आणि बर्नर, मागून वर गेलेलं धुराडं. ज्योतीच्या उष्णतेवर गारवा तयार करायचा, आत फिरणारा एकही भाग नाही. ही रचना स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघांनी १९२२ साली काढली. त्याला 'रॉकेलचा फ्रीज' म्हणा, पेटी नाही.

निपाणीहून: बर्फाच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली, म्हणून लिहितो. 'लादी' हा शब्द फरशीच्या लादीवरून आला असं लोक धरतात, पण आमच्याकडे लादी म्हणजे डब्यातून निघालेला अख्खा ठोकळा. पत्र्याचे उंच डबे पाण्यानं भरून मिठाच्या गार पाण्यात बुडवायचे. खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, डब्यातलं गोठतं. मग डबा क्षणभर साध्या पाण्यात धरला की लादी सुटते. तिच्या पोटातली पांढरी रेघ म्हणजे अडकलेली हवा. सोबतचे कानडी कामगार 'मंजुगड्डे' म्हणायचे. त्यांचा गड्डा, आमची लादी, वस्तू एकच.

बंद पडलेल्या कारखान्यात यंत्र दिसलं तर आधी नळ्या बघा. अमोनिया तांबं-पितळ खातो, म्हणून त्याच्या सगळ्या नळ्या लोखंडी. तांब्याच्या बारीक नळ्या असल्या तर फ्रीऑनचं यंत्र. पट्ट्यावर फिरणारं मोठं चाक आणि जाड लोखंडी नळ्यांची वेटोळी असतील तर 'अमोनियाचा कॉम्प्रेसर' असं बिनधास्त लिहा. वास कल्हईवाल्याच्या नवसागराचा आठवतो, कारण नवसागर तापला की अमोनियाच सुटतो. पण वास बघायला म्हणून व्हॉल्व्ह कधीही फिरवू नका. आत राहिलेला वायू डोळे आणि छाती जाळतो.

'टन' हाही आमच्याच धंद्यातला शब्द. दीड टनाचा एसी म्हणतो तेव्हा ते वजन नसतं. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी ओढून घ्यायची ताकद म्हणजे एक टन. बर्फाची पेटी गेली, पण तिचं माप घराघरात राहिलं.

बेळगावहून पुन्हा: यादीत 'बर्फाची पेटी, सागवानी, जस्ताच्या पत्र्याची' असं लिहिलं. तुमचं वाचून वरचा कप्पा पुन्हा उघडून बघितला. तळाशी लाकडी पट्ट्यांची जाळी आहे, आणि दाराकडच्या बाजूनं त्या पट्ट्या लादी सरकवून सरकवून गुळगुळीत झिजल्यात. भोकाभोवती पत्र्यावर पांढरं पुट चढलंय. आता ती पाडणाऱ्यांच्या गाडीत चढवायची नाही असं ठरलंय, काकूंच्या पडवीत ठेवतोय.