रोज दोन तास बाहेर : शाळेच्या वेळापत्रकात कसे बसवायचे, आणि नेमकं काय ‘बाहेर’ धरायचं?

परिपाठ_ते_वंदेमातरम

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एक प्रस्ताव ठेवायचा आहे, त्यासाठी पक्की माहिती हवी. पहिली ते चौथी, दुपारचं सत्र, १२:३० ते ५:३०. छोटी सुट्टी १० मिनिटं, मोठी ३०. पीटीचे तास आठवड्याला दोन, ३५ मिनिटांचे. मोठ्या सुट्टीत मुलं वर्गातच डबे खातात, कारण ‘बाहेर ऊन आहे’. निम्म्या मैदानावर पत्र्याची शेड, कडेला कडुनिंबाची तीन मोठी झाडं. शाळा सुटली की बहुतेक मुलं क्लासला, आणि काही जण सातनंतर टर्फवर.

प्रश्न असे :
१. मायनसचा नंबर टाळायला रोज दोन तास बाहेर हवेत म्हणतात. हे सलग हवेत का? आणि दोन तास जमलेच नाहीत तर कमी वेळाला काही अर्थ आहे का?
२. शेड, झाडाची सावली, खिडकीजवळचा बाक, रात्रीचं टर्फ यातलं काय मोजायचं?
३. ज्यांना नंबर लागलाच आहे त्यांना याचा उपयोग होतो का?
४. एप्रिलचं ऊन आणि जुलैचा पाऊस यांचं काय करायचं?

गाजर, बदाम आणि गाईचं तूप यांवर वेगळा धागा आहे. इथे नको, प्लीज.

---

रेटिनोस्कोप

चांगला प्रश्न, आणि मोजून विचारलात हे त्याहून चांगलं.

दोन तासांचा आकडा मुख्यतः तैवानमुळे रुळला. तिथे २०१० पासून प्राथमिक शाळांत रोज १२० मिनिटं बाहेर, असं सरकारी धोरण आहे. पण त्याहून कमी वेळातही फरक पडतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज फक्त ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी (म्हणजे मायनसचा नंबर) आली ती त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. बैठकीत हे दोन्ही आकडे सांगा. ‘मैदानावर गेलं की चष्मा लागत नाही’ असं कुणी ठोकून दिलं तर तिसरीत चष्मा लागलेल्या मुलाचे पालक पुढच्या बैठकीत तुम्हालाच धरतील.

सलग असायची गरज नाही. तैवानमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगात जादा तास दिलाच नव्हता. सुट्टी झाली की वर्ग रिकामा, दिवे बंद, सगळे बाहेर, एवढंच. दिवसभरातल्या सुट्ट्या मिळून ८० मिनिटं. वर्षभरात नवी लघुदृष्टी त्या शाळेत ८.४ टक्के आणि शेजारच्या शाळेत १७.६५. म्हणजे तुमचा पहिला प्रस्ताव जादा तासाचा नकोच. डबा बाहेर खायचा आणि सुट्टीत वर्गात कुणी थांबायचं नाही, एवढा ठराव करून घ्या. ४० मिनिटं तिथेच मिळतात आणि एकही विषयशिक्षक तक्रार करत नाही.

आता ‘बाहेर’ म्हणजे काय. काम उजेडाचं आहे, पळण्याचं नाही. सध्याचं सगळ्यांत भक्कम स्पष्टीकरण असं : भरपूर उजेडात दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) डोपामिन हे रसायन जास्त सुटतं, आणि ते नेत्रगोलाच्या लांबीच्या वाढीला आवर घालतं. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत तीव्र प्रकाशाने ही वाढ मंदावली, आणि डोपामिनची वाट अडवणारं औषध दिल्यावर तो फायदा पुसला गेला. गोलक साधारण १ मिलिमीटर जादा लांबला की नंबर मायनसकडे अडीचच्या आसपास सरकतो. त्यामुळे मूल झाडाखाली बसून गोट्या खेळलं तरी चालतं, आणि बंदिस्त हॉलमध्ये तासभर बॅडमिंटन खेळलं तर व्यायाम होतो, डोळ्याच्या हिशोबात फारसं जमा होत नाही.

ढोबळ आकडे (लक्स हे उजेडाचं माप) : ट्यूबलाइटचा वर्ग २०० ते ५०० लक्स. भर उन्हातलं मैदान लाखापर्यंत. ढगाळ दिवस पाच ते वीस हजार. झाडाची सावली काही हजार. किमान १,००० लक्स डोळ्यापर्यंत पोहोचले तर तो वेळ धरा, तीन हजारांच्या पुढे असेल तर उत्तमच. सिंगापूरमध्ये झालेल्या मोजमापांत टोपी आणि गॉगल घालूनही बाहेरचा उजेड हजाराच्या वर भरला. तेव्हा टोपी काढून मुलं उन्हात भाजायची काही गरज नाही.

तुमची यादी : कडुनिंबाची सावली पास. रात्रीचं टर्फ नापास, फ्लडलाइट डोळ्यांत खुपतात खरे, पण मोजले तर काहीशे लक्सच भरतात. खिडकीजवळचा पहिला बाक काठावर पास, तिसऱ्या बाकापासून नापास. शेडचं मोजल्याशिवाय सांगता येत नाही. कडेला चांगला उजेड असतो, मधोमध अंधारतो.

मोजायला अँड्रॉइड फोनवर लक्स मीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल. सेन्सर पुढच्या बाजूला कॅमेऱ्याशेजारी असतो, तिथे बोट आणि काळपट स्क्रीनगार्ड येऊ देऊ नका. हमखास होणारी चूक म्हणजे फोन आडवा, आकाशाकडे तोंड करून धरणं. मुलं आकाशाकडे बघत नाहीत. मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर फोन उभा धरा, स्क्रीन समोरच्या दिशेला, आणि चारही दिशांना एकेक वाचन घेऊन सरासरी काढा. आडव्या फोनपेक्षा आकडा बराच कमी येईल, तोच खरा. आयफोनवरची अ‍ॅप्स कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात, त्यांच्यावर विसंबू नका.

---

खुसपट_काढू

हे सगळं आनुवंशिक असतं. आईबाबांना चष्मा, मग पोराला चष्मा. मैदानाचं काय घेऊन बसलात?

---

रेटिनोस्कोप

@खुसपट_काढू, आनुवंशिकता आहेच. दोन्ही पालकांना मायनस असेल तर धोका वाढतो, यात वादच नाही. पण २००८ मध्ये आलेली एक तुलना बघा. चिनी वंशाची सहा-सात वर्षांची मुलं, काही सिंगापूरची, काही सिडनीची. पालकांमधलं लघुदृष्टीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. मुलांमध्ये मात्र सिंगापुरात २९.१ टक्के, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीची मुलं पुस्तकं जास्तच वाचत होती. मोठा फरक बाहेरच्या वेळेत होता : आठवड्याला १३.७५ तास विरुद्ध ३.०५ तास. शिवाय जनुकं एका पिढीत बदलत नाहीत, आणि लघुदृष्टीचं प्रमाण तर बदललंय.

---

पीटी_मास्तर

वेळापत्रकाचं सांगतो, कारण घोडं तिथेच अडतं.

दुपारच्या सत्राचा फायदा असा की सकाळ मोकळी असते, आणि ती सगळी मोबाइलवर आणि गृहपाठात जाते. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानंतर चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरायला हवेत, त्यामुळे सकाळच्या शाळांनाही थोडी जागा मिळाली आहे. पालकांना एवढंच सांगा : साडेसात ते साडेआठ मूल घराबाहेर. सोसायटीचं आवार, गच्ची, नाक्यापर्यंत दूध आणायला जाणं, काहीही. आठ वाजता मोकळ्या जागेत दहा हजार लक्स सहज असतात आणि ऊन अजून चटकत नसतं. व्हॅन-रिक्षात बसून जाणं धरू नका, पायी शाळेत येणं धरा.

शाळेतला हिशोब : परिपाठ वर्गात स्पीकरवर होत असेल तर तो झाडाखाली आणा, १५-२० मिनिटं. मोठी सुट्टी ३०, छोटी १०. तासभर झाला. उरलेला तास सकाळचा, घरचा. पीटीचा तास गणिताला ‘उसना’ द्यायची प्रथा मात्र लेखी ठरावाने बंद करा. तोंडी सांगून ती बंद होत नाही, जानेवारीत हमखास परत येते.

डबा बाहेर खायचा म्हटलं की तीन अडचणी येतात : बसायला सतरंज्या, हात धुवायला नळ, आणि खरकटं. नळ कमी असतील तर वर्ग पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडा, नाहीतर दहा मिनिटं रांगेतच जातात. रांग उघड्यावर असेल तर तीही मोजा म्हणा! सतरंज्यांची जबाबदारी चौथीच्या मुलांकडे द्या. खरकट्याला झाकणाची बादली नसेल तर आठवड्यात कुत्री आणि कावळे येतात आणि उपक्रम बंद पडतो.

ऊन : मार्चअखेरीपासून ११ ते ४ उघड्या मैदानावर पळापळ नको. विदर्भ-मराठवाड्यात तर नकोच. त्या दिवसांत झाडाखाली बसून करायची कामं काढा : गोष्ट, पाढे, चित्रकला, परिसर अभ्यास. फळा झाडाला टेकवला तरी चालतो, वह्यांवर कवडसे नाचतात म्हणून मुलांना सूर्याकडे पाठ करून बसवा. पाण्याची बाटली सोबत, आणि चक्कर, डोकेदुखी, मळमळ म्हणालं तर मूल लगेच सावलीत आडवं.

पाऊस : रिमझिमीत ढगाळ असलं तरी उघड्या व्हरांड्यात कठड्यालगत हजार लक्सच्या वर मिळतात. काळंभोर आभाळ असेल तेव्हा मिळत नाहीत, त्या दिवशी सोडून द्या. पण जून ते सप्टेंबर सगळेच दिवस तसे नसतात, आणि ‘पावसाळा आहे’ म्हणून चार महिने मुलं कोंडणं हा निव्वळ आळस आहे.

---

थेंब_टाकून_तपासा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहिते. बालनेत्ररोग हेच काम आहे.

बाहेरचा वेळ मुख्यतः नंबर *लागू नये* किंवा उशिरा लागावा यासाठी कामी येतो. लागलेला नंबर वाढू नये यासाठीचा पुरावा कमकुवत आणि उलटसुलट आहे. तरी उशिरा लागणं ही छोटी गोष्ट नाही. सातव्या वर्षी लागलेला नंबर बाराव्या वर्षी लागलेल्यापेक्षा वेगाने वाढतो आणि वाढायला वर्षंही जास्त मिळतात. मायनस ६ च्या पुढे दृष्टिपटल सरकणं, काचबिंदू, मध्यबिंदूची झीज यांचा धोका वाढतो, आणि तो चष्म्याने जात नाही. म्हणून तुमचा उपक्रम पहिली-दुसरीत कडक राबवा. सुदैवाने त्याच वर्गांना सुट्टीत बाहेर जायला सांगावं लागत नाही, फक्त अडवायचं नसतं.

चष्मा आधीच असलेल्यांना बाहेर न्याच, पण त्यांच्या पालकांना तिथेच थांबू देऊ नका. सहा महिन्यांनी तपासणी. वर्षाला अर्ध्या नंबराहून (०.५०) जास्त वाढ होत असेल तर कमी तीव्रतेचे अ‍ॅट्रोपिन थेंब किंवा वाढ रोखणाऱ्या खास काचा यांबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. भारतातल्या अभ्यासात ०.०१ टक्का अ‍ॅट्रोपिनचा उपयोग दिसला आहे, हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्का जास्त प्रभावी ठरलं. तीव्रता डॉक्टर ठरवतात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या १ टक्का अ‍ॅट्रोपिनने बाहुली दोन आठवडे मोठी राहते आणि मुलाला वही दिसत नाही.

‘नंबर वाढू नये म्हणून थोडा कमीच द्या’ ही मागणी आठवड्यातून चारदा ऐकू येते. मलेशियात ०.७५ कमी नंबर देऊन पाहिलं होतं. त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्तच वाढला. पूर्ण नंबर द्यायचा.

पण तो पूर्ण नंबर आधी खरा हवा. मुलांची जवळ बघायची ताकद जबर असते. यंत्रात डोकावताना ती जोर लावतात आणि कागदावर –०.७५ छापून येतो. हा जोर सैल करणारे सायक्लोपेन्टोलेटचे थेंब, १ टक्का, दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा, मग अर्धा-पाऊण तास थांबून तेच डोळे तपासले की +०.५० निघतो. असे खोटे चष्मे दुकानातून सर्रास दिले जातात. थेंबांनंतर जवळचं दिवसभर पुसट दिसतं आणि उजेड खुपतो, तेव्हा चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका.

शाळेसाठी अजून एक. सहाव्या वर्षी मुलाचा डोळा थोडा प्लसमध्येच असायला हवा. थेंब टाकून तपासल्यावर +०.७५ किंवा त्याहून कमी असेल तर ते मूल मायनसच्या उंबरठ्यावर आहे, आणि आज तक्ता फडाफडा वाचेल. म्हणून शाळेच्या तपासणीत पास झालेल्यांना उपक्रमातून वगळू नका.

---

परिपाठ_ते_वंदेमातरम

खूप उपयोग झाला. डॉक्टर, शाळेतच तक्त्यावर पहिली चाळणी करायची तर काय चुकतं? शिक्षकच करणार आहेत. आणि एक पालक मुलांना सकाळी सूर्याकडे एकटक बघायला लावतात, ‘उजेड हवा ना’ म्हणून.

---

थेंब_टाकून_तपासा

सूर्याकडे बघणं आजच बंद करायला सांगा. काही मिनिटांत दृष्टिपटलाच्या मध्यावर कायमचा डाग पडू शकतो. उजेड आजूबाजूचा हवा, सूर्यबिंब नको.

तक्ता ६ मीटरवर, मुलाच्या डोळ्याच्या उंचीला, उजेड तक्त्यावर पडलेला, खिडकी तक्त्यामागे नको. अंतर फूटपट्टीने नाही, टेपने मोजा आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, कारण मुलं पुढे सरकतात. डोळा मुलाच्या हाताने झाकू देऊ नका : बोटांच्या फटीतून बघतात, किंवा तळव्याने इतका दाबतात की त्या डोळ्याची पाळी आली की तो पुसट दिसतो. पुठ्ठ्याचा चमचा करा. डोळे बारीक केले तर ती ओळ धरायची नाही, कारण बारीक फटीतून मायनसवाल्यालाही दिसतं. रांगेतल्या मुलांना तक्ता दिसेल असं उभं करू नका, दहाव्या मुलापर्यंत सगळ्यांना पाठ होतो. ‘ई’चा तक्ता असेल तर तो मध्येच फिरवा. ६/९ ची ओळ (चांगली नजर जी ९ मीटरवरून वाचते ती) कुठल्याही एका डोळ्याने वाचता आली नाही तर पुढे पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा ही यादी तयार असली तर त्यांचं आणि तुमचं काम निम्मं होतं.

---

पीटी_मास्तर

पथकाची तारीख आधी मागून घ्या आणि त्या दिवशी मोठी सुट्टी रद्द करू नका. तपासणीसाठी मुलं दोन तास वर्गात कोंडलेली असतात.