दहा वर्षं टिकेल असा घरचा पीसी: पैसे नेमके कशावर घालावेत?

प्रश्न
घर रत्नागिरीत, समुद्राजवळ. वापर टॅली, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास एवढाच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. पावसाळ्यात लाइट सारखी जाते, व्होल्टेजही वर-खाली होतं. दुकानदार आय५ प्रोसेसरसोबत 'कॅबिनेटमध्ये ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) फ्री' देतोय. घ्यावं का?

उत्तर १
प्रोसेसर खुशाल घ्या, फ्रीचा एसएमपीएस मात्र नको. त्याच्या लेबलवर +१२ व्होल्टखालचे अँपिअर बघा आणि १२ने गुणा. १६ अँपिअर लिहिले असतील तर १९२ वॅटच झाले, बाहेर ५०० छापलेले का असेनात. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर ४५च्या आसपास अँपिअर असतात. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. १०५ अंश तापमानासाठी बनवलेले कपॅसिटर (सप्लायमधले चार्ज साठवणारे भाग) आणि किमान ५ वर्षांची वॉरंटी बघून घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका.

उत्तर २
त्याआधी अर्थिंग तपासा! इलेक्ट्रिशियनला मीटर लावायला सांगा: न्यूट्रल-अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या. अर्थ नसेल तर स्पाइक गार्ड जवळपास निकामीच. यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे बहुधा ३६० वॅटचा. या पीसीला पुरतो. मात्र अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेले काही सप्लाय स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर बंद पडतात. बिल करण्याआधी दुकानातच जोडून, पीसी चालू असताना यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघा.

उत्तर ३
खाऱ्या हवेबद्दल: रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो आणि पीसी डिस्प्ले न देता नुसता बीप करतो. लगेच बोर्ड गेलं असं समजू नका. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला चार्ज घालवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसा, पूर्ण सुकल्यावर रॅम पुन्हा बसवा. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा पातळ असतो. आणि पावसाळ्यात पीसी महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. चालू राहिला की आतला ओलावा उडतो.

उत्तर ४
एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) टीएलसीची, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट साठवणारी, घ्या. १ टीबीला बहुधा ६०० टीबीडब्ल्यू (एकूण इतके टेराबाइट लिहिण्याची हमी) मिळतात; रोज ५० जीबी लिहिलं तरी ३० वर्षांवर जातात. ती झिजून क्वचितच जाते, कंट्रोलर (तिची नियंत्रण चिप) अचानक मरतो, आणि मग डेटा सहसा परत मिळत नाही. टॅलीचा बॅकअप दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा.