पावसाळ्यात येणाऱ्या बाळासाठी कपडे : तुमचे अनुभव लिहा

माझ्या धाकट्या बहिणीची तारीख जूनच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. पहिलंच बाळंतपण, आणि ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे गोव्यात फोंड्याला येणार आहे. परवा तिने मला मोबाईलवर खरेदीची यादी दाखवली. लोकरीचे सहा सेट, फ्लीसची चार ब्लँकेटं, हातमोजे-पायमोजे डझनभर, कानटोप्या. ही यादी थंडीच्या गावची आहे. आपल्याकडे तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि खुंटीवरचा पंचा दोन-दोन दिवस दमट राहतो.

माझा मुलगा जुलैतला. त्याला भेट म्हणून अकरा बाबासूट आले, सगळे तीन महिन्यांपर्यंतच्या मापाचे. गणेशचवथीपर्यंत त्यातले सात घड्या न मोडताच लहान झाले. अंगावर रोज होती ती आजीने स्वतःची जुनी कापडं फाडून शिवलेली बारा झबली. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं सायीसारखं मऊ होतं, ते त्याच्या कातडीला कधी टोचलं नाही.

बहिणीला माझ्या एकटीच्या अनुभवावर सोडायचं नाही. तुमच्याकडे काय कामाला आलं, काय पेटीत पडून राहिलं, कुठे चुकलं, सविस्तर लिहा. नग किती लागले तेही सांगा.

म्हापसा, दोन मुलांची आई

नगांचंच सांगते. पहिली मुलगी मार्चमधली. वीस लंगोटांत माझं सहज भागलं, कारण सकाळी वाळत घातलेले दुपारी हातात. दुसरा ऑगस्टमधला, त्याला चाळीस लंगोटही पुरेनात. तान्हं बाळ आठवड्याभरानंतर दिवसाला सहा-आठ वेळा तरी ओलं करतं, शिवाय शी वेगळी, दूध काढणं वेगळं. पावसात प्रश्न कपडे किती आहेत हा नसतो, सुकलेले किती आहेत हा असतो.

म्हणून विकत घेताना कापड उन्हापुढे धरून पाहा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. एकेरी मलमल पंख्याखाली रात्रीत सुकते. दुहेरी होजियरीचा जाड बाबासूट दोन दिवस घेतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. आम्ही मधल्या खोलीत दोन दोऱ्या बांधल्या होत्या. कपडे मशीनमध्ये दोनदा पिळून घ्यायचे, एकावर एक न टाकता सुटे वाळत घालायचे आणि शेवटचा ओलावा इस्त्रीने काढायचा. शिवणीपाशी हात लावून बघा, दमटपणा तिथेच राहतो.

सासूबाई कट्ट्यांचे, म्हणजे नारळाच्या करवंट्यांचे, निखारे करून त्यावर पाटी उपडी ठेवत आणि वर लंगोट पसरत. कपडे छान सुकत, पण हे बाळाच्या बंद खोलीत करू नका. निखाऱ्याचा वायू वासाने कळत नाही आणि तो जिवावर बेततो. आम्ही शेगडी मागच्या पडवीत नेली. धुरीचंही तसंच, धूर बाळाच्या छातीत जातो.

डिचोली, आजी

मी सहसा लिहीत नाही, पण हे लिहायलाच हवं.

माझ्या थोरल्या मुलाचे लहानपणचे कपडे मी तीस वर्षं जपून ठेवले होते. टोपडी, कुंची, दुपटी, माझ्या आईने हाताने शिवलेली. दर पावसाळ्याआधी पेटीत डांबरगोळ्या टाकायचे, कारण इथे बुरशीही लागते आणि कसरही. नातू झाला तेव्हा हौसेने पेटी उघडली. एक दिवस वारा दिला, वास थोडा गेला असं वाटलं, आणि घरी आल्या आल्या बाळाला तेच घातलं. मालिश करून, खोबरेल अंगाला तसंच असताना, वरून तेच दुपटं गुंडाळलं.

तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. कावीळ तान्ह्यांना होतेच, म्हणून आम्ही एक दिवस थांबलो. चौथ्या दिवशी ती पायांपर्यंत उतरली आणि बाळ दूध ओढेना. इस्पितळात डॉक्टरांनी त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि सुनेला पहिलाच प्रश्न विचारला, घरात डांबरगोळ्या वापरता का? मी मागे उभी होते. माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

तपासणीत कळलं की नातवाच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर कमी आहे. हा दोष आईकडून येतो आणि जास्त करून मुलग्यांत दिसतो. एरवी तो कळतही नाही. पण डांबरगोळीतलं नॅफ्थलीन श्वासावाटे किंवा कातडीतून आत गेलं की अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने चढते. अंगाला तेल असेल तर ते जास्त शोषलं जातं, असंही डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर उपचार झाले, नातू आता पाच वर्षांचा आहे आणि शाळेत धावतो. पण त्या चार रात्री मी विसरलेले नाही.

बाळ यायच्या आधीच घरातल्या सगळ्या डांबरगोळ्या काढा. कपाटातल्या, मोरीतल्या, पांघरुणांच्या ट्रंकेतल्यासुद्धा. तसा वास असलेलं काहीही बाळाजवळ आणू नका. जुने कपडे ठेवायचे तर धुऊन, कडक उन्हात वाळवून, सुती पिशवीत ठेवा.

पणजी, एका मुलीचा बाबा

बायकोचं सिझर झालं होतं, त्यामुळे पहिले वीस दिवस रात्रीचे कपडे बदलणं माझ्याकडे होतं. तीन वाजता, मंद दिव्यात, रडून लालबुंद झालेल्या बाळाची मान सावरत डोक्यातून कपडा घालणं नवख्या हाताला जमत नाही. समोरून उघडणारं, एका कुशीला बंद बांधायचं झबलं सगळ्यांत सोपं. बाळाला उचलायचं नाही, कपडा आधी पसरायचा आणि बाळ त्यावर ठेवायचं. नाळ पडेपर्यंत तर हेच बरं, कारण पोटावर काही आवळत नाही.

बाजारातल्या काही अंगड्यांना खांद्यावर एकावर एक आलेल्या दोन पट्ट्या असतात. त्या नक्षीसाठी आहेत असं मी दोन महिने समजत होतो. एकदा म्हापशाहून येताना गाडीत तिची पातळ शी लंगोटातून वर पाठीपर्यंत गेली. कपडा डोक्यावरून काढला असता तर केसांपर्यंत माखली असती. तेव्हा सासूबाईंनी गळा दोन्ही हातांनी ताणला आणि सगळं अंगडं खांद्यांवरून खाली, पायांतून काढलं. त्या पट्ट्या त्यासाठीच असतात. अंगडी घ्यायचीच असतील तर अशीच घ्या.

मडगाव

पायमोजे उलटे करून आतले धागे कापल्याशिवाय घालू नका. माझी मुलगी दीड महिन्यांची असताना संध्याकाळभर रडत होती. पोट दुखतंय म्हणून आम्ही हिंग लावला. रात्री मोजा काढला तर आतला एक सैल धागा करंगळीशेजारच्या बोटाला तीन वेढे पडून रुतला होता, बोट जांभळं झालं होतं. दवाखान्यात भिंगातून पाहून तो कापावा लागला. आईचा गळलेला केसही असाच गुंडाळला जातो, आणि बाळंतपणानंतर केस खूप गळतात. बाळ उगाच रडतंय असं वाटलं की आधी हातापायांचं एकेक बोट बघा. हातमोज्यांचंही तेच. आम्ही नंतर ते वापरलेच नाहीत, नखं कापत राहिलो.

काणकोण

आमचं बाळ साडेसात महिन्यांत, दीड किलोचं. आणलेलं सगळं दुप्पट मोठं. इस्पितळाच्या नवजात विभागात बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला शिकवलं. तेव्हा बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. म्हणजे खरी गरज मला, आईला, समोरून पूर्ण उघडणाऱ्या सैल गाऊनची होती. तसा एकही नव्हता. यांनी आपले दोन जुने सुती सदरे आणून दिले, त्यांवर महिना काढला. यादीत आईचे चार कपडे जरूर लिहा.

पेडणे, शिवणकाम करणारी

झबलं घरी शिवणार असाल तर नवं कापड आधी दोनदा धुऊन घ्या, सूत आटतं. मलमल किंवा वायल. उंची बारा इंच, छातीचा घेर अठरा ते वीस. एवढं सैल असलं की तीन महिने पुरतं, कारण बाळाचं वजन पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं. काखेतला भोक मोठा ठेवा, बारीक हात वाकवून आत घालावा लागतो. शिवणी बाहेरच्या बाजूला येऊ द्या, दिसायला बरं नसलं तरी चालेल. बंद त्याच कापडाचे, चार इंचांचे, आणि गळ्याशी नाहीत तर कुशीला. इलॅस्टिक, लेस, टिकल्या, मोती काही नको. बटण एकदा तुटलं की बाळाच्या तोंडात जातं.

दुपटं बाळाला गुंडाळायला एक मीटर चौरस हवं. वरचे हात नीट गुंडाळा, पण पाय आत बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ ओढून करकचून बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होते.

वास्को

टोपड्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे ते काढलं की येणारा प्रत्येक जण ओरडायचा. पण घरात, पंख्याखालीही मुलाची मान घामाने ओली आणि केसांच्या कडेला घामोळ्यांची रांग. बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यातून बाहेर पडते, ती वाट बुजवायची नाही. हातपाय थंड लागले म्हणून कपडे चढवू नका, तान्ह्यांचे ते थंडच असतात. मानेच्या मागे बोट घालून बघा. ऊबदार आणि कोरडी असेल तर ठीक, ओली असेल तर एक कपडा कमी करा. न्हाऊन आल्यावर किंवा पहाटे बाहेर नेताना टोपडं, झोपताना नाही. डासांसाठी पूर्ण बाह्यांचं पातळ झबलं आणि मच्छरदाणी.

साखळी

बारशाला जाळीचा फ्रॉक घेतला होता. दहा मिनिटांत मांड्यांवर लाल चट्टे. पाळण्यात घालायच्या आधी बदलला, फोटो साध्या झबल्यातलेच आहेत.

फोंडा, पुन्हा मी

काल सगळं बहिणीला वाचून दाखवलं. डिचोलीच्या आजी, तुमचं वाचल्यावर आई उठून सरळ माळ्यावर गेली. तिच्या ट्रंकेत सात डांबरगोळ्या निघाल्या, दोन अगदी वाटाण्याएवढ्या झिजलेल्या. ट्रंकेतलं काही आम्ही बाळासाठी घेणार नाही, माझ्या मुलाची कुंचीसुद्धा नाही.

पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, वाळवण अंगणात आहेच, त्याच्या शेजारी दोरी बांधून आजीची उरलेली तीन कापडं धुऊन घातली आहेत. ती कपाटात नुसत्या पिशवीत होती, वास घेऊन पाहिला. पेडण्याच्या ताई, तुमच्या मापाने आज पहिलं झबलं बेतलं. काखेचा भोक लहान झाला, उसवून परत करते. लोकरीचे सेट सहांवरून एकावर आणले, तो थंडीत महाराष्ट्रात आत्याकडे नेताना लागेल. बहिणीचा प्रश्न आता एकच आहे, चाळीस लंगोट दोघी मिळून किती दिवसांत शिवतील.