‘पूर्णता दर’ की ‘पूर्तता दर’?

अनुवादक
कौटुंबिक सर्वेक्षणांवरून शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कसे काढतात, यावरील एका टिपणाचा अनुवाद करत आहे. ‘कम्प्लीशन रेट’साठी मी ‘पूर्तता दर’ लिहिले आणि संपादकांनी ‘पूर्णता दर’ केले. पूर्तता अटींची किंवा कागदपत्रांची होते, असे त्यांचे म्हणणे आहे. शाश्वत विकास ध्येयांतील ४.१.२ या निर्देशकानुसार, एखाद्या स्तराच्या शेवटच्या इयत्तेच्या अपेक्षित वयाहून तीन ते पाच वर्षांनी मोठ्या असलेल्यांपैकी किती जणांनी ती इयत्ता पूर्ण केली, हे पाहतात. पाचवीचे अपेक्षित वय १० धरले, तर १३ ते १५ वर्षांची मुले मोजायची. कोणता शब्द योग्य ठरेल?

कोशवाचक
दोन्ही नकोत. ‘पूर्णता’ हा गुण आहे, ‘पूर्ती’ ही क्रिया. म्हणून ‘शिक्षणपूर्ती’ म्हणावे. ‘दर’ला तर माझी ठाम हरकत आहे, कारण येथे शंभरातले प्रमाण सांगायचे आहे. ‘इयत्ता’ हा शब्दच पाहा: संस्कृत ‘इयत्’ म्हणजे एवढे, त्यावरून इयत्ता म्हणजे ठरलेले माप. ते माप भरले, की पूर्ती झाली.

संख्यावेध
साक्षरता हेही प्रमाणच आहे, तरी ‘साक्षरता दर’ सर्वत्र रुळला आहे. रुळलेला शब्द उखडून काय साधणार? मला प्रश्नावलीतल्या शब्दाची जास्त काळजी वाटते. अशा सर्वेक्षणांत बहुधा घरातली एकच व्यक्ती सर्वांची माहिती सांगते. तिला ‘कितवीपर्यंत शिकला?’ असे विचारले आणि ‘दहावीपर्यंत’ असे उत्तर आले, तर मुलगा दहावी उत्तीर्ण आहे, की दहावीच्या वर्गात बसून थांबला?

निवृत्त शिक्षिका
आमच्या भागात हा फरक बोलण्यात स्पष्ट असतो. ‘दहावी झाली’ म्हणजे उत्तीर्ण, ‘दहावी केली’ म्हणजे परीक्षेला बसला, आणि ‘दहावीपर्यंत’ म्हणणारे घर पुष्कळदा नापास हा शब्द टाळत असते. जुन्या बायका ‘मी फायनल आहे’ असे अभिमानाने सांगत, त्यात सातवीची परीक्षा आली. शाळा सुटलेल्या कितीतरी मुली लग्नानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी होतात. त्यांना आपण कोठे मोजता?

कोशवाचक
‘दहावी केली’ म्हणजे केवळ परीक्षेला बसला, हे मला मान्य नाही. आमच्याकडे ‘बीए केले’ म्हणजे पदवी मिळाली.

संख्यावेध
शिक्षिकाबाईंचा प्रश्न मोलाचा आहे. ठरलेल्या वयोगटानंतर दहावी झालेली मुलगी त्या वेळच्या आकड्यात ‘अपूर्ण’च राहते. म्हणून एकाच सालच्या आकड्यावर न विसंबता, त्याच जन्मवर्षांची माणसे वेगवेगळ्या सर्वेक्षणांत, उदाहरणार्थ २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत, किती शिकलेली दिसतात हे पडताळावे लागते. त्यातून उशिरा पूर्ण करणाऱ्यांचा वाटा काढता येतो. वय सांगताना लोक १५ किंवा २० अशा गोळाबेरजेच्या आकड्याकडे झुकतात, त्यामुळे गटाच्या सीमेवरची मुले इकडची तिकडे जातात. वसतिगृहांत राहणारी मुले घराच्या यादीतून निसटतात, हे वेगळेच. या सर्व कारणांनी हाती येते ते एक आकलन असते, आणि ते कमी-अधिकच्या पट्ट्यासह सांगायला हवे.

अनुवादक
‘आकलन’ वाचून मराठी वाचकाला समजून घेणे आठवेल. मी ‘अंदाज’ लिहिले आहे. माझा मूळ प्रश्नही अद्याप अनुत्तरित आहे.

कोशवाचक
‘आकलन’चा हा अर्थ हिंदीतून आला, हे खरे. पण फारसी ‘अंदाज’ शास्त्रीय लेखनात सैल वाटतो.

निवृत्त शिक्षिका
‘अंदाजपत्रक’ विधिमंडळात चालते, तर ‘अंदाज’ येथे का चालू नये? आणि ‘केली’बद्दल सांगते: पदवीला लागणारा नियम दहावीला लावू नका. निदान आमच्या तालुक्यात ‘केली, पण निघाली नाही’ हे वाक्य रोज ऐकू येते.