कोपरा सभेत जात काढली तर गुन्हा, बाईचं रूप काढलं तर हशा?

(सोलापूरकरांची चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिला आहे.)

पूर्वभागातली : गेल्या महापालिका प्रचारात आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एक कोपरा सभा झाली. समोरची उमेदवार तेलुगू बोलणारी, रंगानं सावळी, आई अजून विड्या वळते. वक्ता माईकवर म्हणाला, "हिला आधी दिव्याखाली उभी करा, नाहीतर दिसायचीच नाही. अन् दोन वाक्यं मराठी बोलून दाखव म्हणा." खाली हशा. माझ्या शेजारच्या काकू दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, बोटांना तंबाखूचा वास तसाच. काही न बोलता उठून गेल्या.

त्यानं जातीवरून एक शब्द काढला असता तर रात्री बारापर्यंत पोलीस स्टेशनसमोर गर्दी झाली असती, आणि व्हायलाच हवी. मग बाईचं रूप काढलेलं कसं खपतं? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) वाचा. धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांवरून मत द्या किंवा देऊ नका म्हणणं हा भ्रष्ट आचार, त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. या यादीत लिंग नाही. "बाईला कशाला मत देता" म्हणणारा मोकळा सुटतो. तो शब्द यादीत घातलाच पाहिजे.

जुळे सोलापूर : ताई, संताप पटतो, उपाय पटत नाही. तो कायदा लोकसभा-विधानसभेचा, महापालिकेला लागू नाही. आणि यादीत आहे म्हणून जात थांबली का? २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की उमेदवाराचीच नाही, मतदाराची जात आणि धर्म काढणंही त्यात येतं. त्यानंतर आपल्याकडे पद्मशाली किती, लिंगायत किती, मुस्लिम किती हे न मोजता तिकीट वाटलेलं मला तरी आठवत नाही. बाईचा अपमान करणाऱ्या शब्दांना आणि हावभावांना भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे. कायदा कमी नाही हो, तक्रारीला माणूस उभा राहत नाही.

पूर्वभागातली : उभ्या राहिलो होतो, चौघी. "रेकॉर्डिंग आहे का? त्यानं नाव घेतलं का?" एवढं विचारून परत पाठवलं. आणि विधानसभेच्या सभेत वेगळी भाषा असते असं तुम्हाला वाटतं का?

चाटी गल्ली : मी उलट बाजूनं बोलतो. महापालिकेच्या १०२ पैकी निम्म्या जागा महिलांच्या. कित्येक फलकांवर उमेदवार बाईपेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा. "कारभार भाऊच बघणार" हे मी सभेत बोललो तर तो बाईचा अपमान ठरणार का? उद्या प्रत्येक टीकेवर अर्ज पडतील. मला ही भीती खरी वाटते.

पूर्वभागातली : बोला की. पाणी किती दिवसांआड येतं आणि सर्वसाधारण सभेत बाईंनी त्यावर तोंड उघडलं का, हे विचारा. त्यात रंग कुठे आला? फक्त बापाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या पोरालाही तोच प्रश्न विचारा. त्याला तुम्ही वारसा म्हणता.

दत्तनगर : शिक्षा किती तकलादू ते बघा. २०१९ ला जयाप्रदांबद्दल बोलले म्हणून समाजवादी पक्षाच्या आझम खान यांना निवडणूक आयोगाकडून ७२ तास प्रचारबंदी झाली, आणि रामपूरची ती निवडणूक तेच जिंकले. २०२४ ला हेमा मालिनींवरून काँग्रेसच्या सुरजेवालांना ४८ तास. ममता बॅनर्जींवर बोललेल्या भाजपच्या दिलीप घोष यांना नुसती समज. पक्ष कुठलाही घ्या. अमेरिकेत १९७२ ला शर्ली चिझम राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. कृष्णवर्णीय म्हणून भोगलं त्यापेक्षा बाई म्हणून जास्त भोगलं, असं त्या सांगत. आपल्या त्या उमेदवाराला रंग, भाषा आणि बाईपण तिन्ही एकाच वाक्यात ऐकवलं. मी ताईंच्या बाजूनं.

चाटी गल्ली : त्या वाक्याचं समर्थन मी करत नाहीच. पण टाकून बोलणारा आणि टीका करणारा यांत फरक कोण ठरवणार, याचं उत्तर मला अजून मिळालं नाही.

जुळे सोलापूर : कायद्याबद्दल माझं मत तेच आहे. पण पुढच्या सभेला मोबाईल चालू ठेवा. अर्ज मी लिहून देतो, सोबत पोलीस स्टेशनलाही येतो.

पूर्वभागातली : या. काकूंनाही घेते, वाक्य त्यांच्या कानात अजून जसंच्या तसं आहे. यादीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.