हाडातली पोकळी भरायला स्वतःचंच हाड बरं की बाहेरचं?

रानवाट: भाचा ११ वर्षांचा. बॉल फेकताना दंड मोडला तेव्हा एक्सरेत कळलं की खांद्याजवळ हाडात सिस्ट आहे, कॅन्सर नाही, साधी पाण्याची. हाड जुळलं पण सिस्ट तशीच, आता म्हणतात खरवडून पोकळी भरू. भरायला तीन पर्याय दिलेत, त्याचंच कमरेचं हाड, बोन बँकेतलं किंवा कृत्रिम दाणे. माझं मत सरळ आहे, स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात आणि ते फुकट मिळतं, मग बाहेरचा चुरा पोराच्या अंगात कशाला?

तिखटमीठ: फुकट?? कमरेवर दुसरी चीर पडते ती कोण मोजणार? माझ्या नडगीसाठी कमरेचं हाड काढलं होतं, नडगीचं दुखणं दोन महिन्यांत विसरले पण कंबर वर्षभर छळत होती, जीन्सचा पट्टा घासला की कळ यायची. आणि ११ वर्षांच्या पोराच्या कमरेत हाड असतं तरी किती, कडेला अजून वाढीची कूर्चा असते.

रानवाट: मग काय मेलेल्या माणसाचं हाड घालू? घरात आजी ऐकायची नाही.

अर्धाडॉक्टर: मेलेल्याचंच असतं असं नाही हो दादा. खुबा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाचा काढलेला गोळा जिवंत पेशंट दान करतात. आपल्याकडे टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतात. पेशी त्यात उरत नाहीत हे खरं, ती नुसती मचाण, त्यावर शरीर हळूहळू आपलं हाड चढवतं.

तिखटमीठ: मग दाणे का नकोत? दुसऱ्याचं हाड नाही, दुसरी चीर नाही, आजीपण खूश.

अर्धाडॉक्टर: दाणे म्हणजे कुठले ते आधी विचारा, सगळे एका पिशवीत घालू नका. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, हाडातली पोकळी भरायला जर्मनीत ड्रीसमन नावाच्या सर्जननं १८९२ सालीच वापरलं होतं. ते थोड्या आठवड्यांतच विरघळतं, कधी कधी नवं हाड यायच्या आधीच, आणि काहींच्या जखमेतून पाणी झिरपतं, घरच्यांना वाटतं पू झाला. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं उलटं, वर्षानुवर्षं एक्सरेत पांढरं दिसत बसतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोघांच्या मधलं.

चिंचगूळ: तुम्ही सगळे भरायच्याच मागे का लागलात? माझ्या बोटातल्या हाडात एन्कॉन्ड्रोमा, म्हणजे कूर्चेची साधी गाठ, होता, डॉक्टरनं खरवडला आणि काहीच न घालता टाके घातले. भरलं हाड आपोआप.

अर्धाडॉक्टर: बोटात चालतं, पोकळी केवढीशी असते. गुडघ्याजवळचा जायंट सेल ट्यूमर (हाड पोखरणारी गाठ) असेल तर पोकळी मोठी आणि वजन लगेच पेलायचं, तिथे बरेच सर्जन बोन सिमेंट भरतात. ट्यूमर परत आला तर सिमेंटच्या कडेला एक्सरेत काळी रेघ वाढताना दिसते, हा वरचा फायदा. पण वाढत्या पोराच्या खांद्याला सिमेंट नको.

तिखटमीठ: म्हणजे कमरेचं हाड नकोच ना?

अर्धाडॉक्टर: असं कुठे म्हटलं मी, लहान पोकळी असेल तर आजही ते सगळ्यात छान जिरतं. पण सिस्ट वाढीच्या पट्टीला, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं त्या कूर्चेला, चिकटून असेल तर काहीही भरा, परत यायची शक्यता जास्त असते, कारण तिथे सर्जन हात राखून खरवडतो. एक्सरेत किती अंतर आहे?

रानवाट: ते विचारलंच नाही. सोमवारी फाईल घेऊन जातो. आजीला मात्र गोळ्याचं सांगणार नाही.