घरमालकीण टीएम ३० भरत नाही आणि नव्वद दिवसांची तारीख तोंडावर आली आहे

नवी बँकॉककर:

नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. माझे यजमान मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला असून मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर गेले सात महिने बँकॉकमध्ये राहत आहोत. पहिले घर कंपनीने घेऊन दिले होते, त्यामुळे कागदपत्रांची झळ आम्हाला कधी लागलीच नाही. मुलीची शाळा लांब पडते म्हणून गेल्या महिन्यात आम्ही स्वतः शोधून दुसऱ्या कॉन्डोमध्ये राहायला आलो आणि तेव्हापासून एका कागदाने आमची झोप उडवली आहे.

परदेशी लोकांना इथे दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. त्यासाठी आम्ही आमच्या भागातील इमिग्रेशन कार्यालयात गेलो होतो. खिडकीवरील बाईंनी पासपोर्ट चाळला, आत स्टेपल केलेली जुन्या घराची चिठ्ठी बोटाने दाखवली, मग अर्जावरील नव्या पत्त्यावर तेच बोट टेकवले आणि "टो मो साम-सिप?" एवढेच विचारून सगळे कागद परत केले. टो मो साम-सिप म्हणजे टीएम ३०, हे मला बाहेर झेरॉक्सच्या टपरीवर उभे असताना कळले. परदेशी माणूस घरात राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने ती माहिती द्यायची असते, असे तिथल्या मुलाने सांगितले. आम्हाला राहायला येऊन तेव्हा २६ दिवस झाले होते.

घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहेत आणि दूर कोराट शहरात असतात. स्वभावाने अत्यंत गोड. करार झाला त्या दिवशी त्यांनी मुलीसाठी आंबे आणले होते. परंतु टीएम ३० चा विषय काढला की त्या लाइन या मेसेजिंग ॲपवर वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचे स्टिकर पाठवतात आणि सोबत "दिआव" असा एकच शब्द लिहितात, ज्याचा अर्थ "करते हं थोड्या वेळात" असा आहे. असे पाच ससे माझ्याकडे जमा झाले आहेत. आमची तारीख १२ दिवसांवर आली आहे, आणि यजमानांच्या मुक्कामाची मुदतवाढ पुढच्याच महिन्यात करायची आहे.

हा अर्ज भाडेकरूने स्वतः भरला तर चालतो का, आणि उशिराचा दंड नेमका कोणाच्या डोक्यावर बसतो, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. कायद्याने जे काम त्यांचे आहे, त्यासाठी मी अजिजी करत राहावे, याचा मला मनापासून राग येतो आहे. पण रागावून काय करावे, हेही सुचत नाही.

रयोंगचे काका:

ताई, प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण नव्याने आलेल्या बहुतेकांची गल्लत इथेच होते. नव्वद दिवसांचा अहवाल, म्हणजे टीएम ४७, ही तुमची जबाबदारी आहे. टीएम ३० ही घरमालकाची. थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा, म्हणजे त्यांच्या बौद्ध सनाप्रमाणे २५२२ चा. त्याच्या ३७ व्या कलमात परदेशी व्यक्तीची कर्तव्ये आहेत आणि ३८ व्या कलमात घर देणाऱ्याचे. (करारावर २५६८ वगैरे साल पाहून दचकू नका, त्यातून ५४३ वजा केले की आपले साल मिळते. पंचांगात शके पाहण्याची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये.)

टीएम ४७ साठी तुमच्या हातात ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंतचा अवधी असतो. म्हणजे आज १२ दिवस शिल्लक असतील, तर खरे पाहता १९ आहेत. तो अवधी उलटल्यावर स्वतःहून हजर झाल्यास २,००० बाथ दंड पडतो. तुमच्या तिघांची मोजणी स्वतंत्र चालते. मुलगी लहान आहे म्हणून तिची तारीख विसरू नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ३८ व्या कलमात केवळ "मालक" असा शब्द नाही. घराचा प्रमुख, मालक किंवा ज्याच्या ताब्यात घर आहे ती व्यक्ती, असे तिघे त्यात येतात. भाडेकरूच्या ताब्यात घर असते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी भाडेकरूने आणलेला टीएम ३० स्वीकारला जातो. मात्र सोबत मालकाच्या ओळखपत्राची प्रत, घराच्या थाबियन बानची प्रत आणि भाडेकरार, एवढे तरी मागतातच. थाबियन बान म्हणजे प्रत्येक घराची सरकारी नोंदवही. आपल्याकडील जुन्या रेशनकार्डासारखी ती कुटुंबाची आणि पत्त्याची कुंडलीच असते. यातील मालकाच्या प्रत्येक प्रतीवर मालकाने "सम्नाव थुक तोंग", म्हणजे आपल्या भाषेत "सत्यप्रत", असे लिहून सही केलेली असावी लागते. ते शब्द आणि सही नसेल तर तो कागद नुसता कागद आहे. तुमच्या वतीने दुसरे कोणी जाणार असेल तर मुखत्यारपत्रही न्यावे.

अर्ज ऑनलाइनही भरता येतो, परंतु त्यासाठी आधी खाते उघडून घराची कागदपत्रे चढवावी लागतात आणि मंजुरीची वाट पाहावी लागते. तुमच्या हातात दिवस कमी आहेत, तेव्हा समक्ष जाणेच बरे. अर्जाला शुल्क नाही. उशिराचा दंड कायद्याने मालकावर बसतो, पण खिडकीसमोर तुम्ही उभ्या असता आणि पासपोर्टही तुमचाच आत अडकलेला असतो, त्यामुळे खिशात हात कोणाचा जातो, हे वेगळे सांगायला नको.

हा कायदा जुना असला तरी अनेक वर्षे तो कपाटातच होता. २०१९ मध्ये त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि आमच्यासारखे जुने रहिवासीही रांगेत उभे राहिले. त्या वर्षी मी शेजारच्या प्रांतात दोन रात्री राहून आलो, तरी मला पुन्हा हाच अर्ज भरायला लावला होता.

ठाणे ते थोनबुरी:

काकांनी माहिती उत्तम दिली आहे, तरीही मला हे सगळे फार सौम्य वाटते. आपण दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे मोजतो, विजेचे युनिट मालक सांगेल त्या दराने भरतो, आणि वर त्यांचे कायदेशीर कामही आपणच का करायचे? माझ्या मते पुढील महिन्याचे भाडे थांबवावे आणि पावती मिळाल्यावरच द्यावे. माझ्या पहिल्या मालकाला मी असेच सरळ केले होते. ही माणसे टाळाटाळ करतात त्याचे खरे कारण आळस नसून भाड्याचे उत्पन्न कर खात्याला कळेल, ही भीती असते. तीन वर्षांपर्यंतचा भाडेकरार इथे जमीन कार्यालयात नोंदवावा लागत नाही, त्यामुळे वर्षाच्या कराराचा सरकारदरबारी मागमूस नसतो. टीएम ३० मात्र थेट पोलिसांकडे जातो.

चियांग माईहून:

वरील सल्ला कृपया अमलात आणू नये, असे मी आग्रहाने सांगते. भाडे थांबवले तर करार तुम्ही मोडला असे होईल, अनामत त्यांच्याकडेच राहील आणि सही देण्याची इच्छा असलेली बाई कायमची दुरावेल. शिवाय सगळा दोष थाई लोकांना देणेही मला पटत नाही. भारतात आपल्या घरी परदेशी पाहुणा उतरला तर आपल्यालाही २४ तासांच्या आत तशीच माहिती सरकारला द्यावी लागते, आणि माझ्या जर्मन मैत्रिणीला पुण्यात घर भाड्याने घेताना तेथील मालकाने दीड महिना "एजंट बघेल" असेच सांगितले होते. तो ससा पाठवत नव्हता, एवढाच फरक.

"दिआव" आणि सशाचा अर्थ नकार असा घेऊ नका, पण होकार असाही घेऊ नका. थाई भाषेत "क्रेंग जाय" असा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे स्पष्टीकरण द्यायला लोकांना परिच्छेद लागतो. मराठीत मात्र "भीड" हा एक शब्द पुरतो. तुमच्या मालकीणबाईंना काहीतरी अडचण आहे आणि ती तोंडावर सांगण्याची त्यांना भीड पडते आहे. कराची भीती असेलही. माझ्या पाहण्यात मात्र त्याहून जास्त वेळा दुसरीच भीती निघाली आहे: ओळखपत्राची सही केलेली प्रत परक्या हातात गेली तर तिच्यावर कोणी कर्ज काढेल किंवा बँकेत खाते उघडेल. इथे तसे प्रकार घडतात, आणि निवृत्त शिक्षिकेला ते बातम्यांतून ठाऊक असणारच.

त्यावर थाई लोकांनीच काढलेला उपाय आहे. प्रतीवर ओळखपत्राच्या चित्रावरून जाणाऱ्या दोन तिरप्या समांतर रेघा मारायच्या, त्या रेघांमध्ये "केवळ टीएम ३० साठी" असे थाईत लिहायचे, तारीख घालायची आणि सही अशी करायची की तिचा थोडा भाग छायाचित्रावर येईल. मग ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणे अवघड होते. तुम्ही अशा रेघा मारलेला नमुना आधी तयार करून त्यांना पाठवा. टीएम ३० चा अर्जही स्वतः भरून ठेवा, म्हणजे त्यांना सहीपलीकडे काही करावे लागणार नाही.

आणि संदेश पाठवणे थांबवा. तुमच्या कॉन्डोच्या तळमजल्यावर "निति-बुक्खोन"चे कार्यालय असेल. आपल्याकडील सोसायटीच्या ऑफिसासारखेच ते असते, आणि शब्दातली "नीति" ओळखीची वाटली तर ती खरोखर तीच आहे. तिथल्या कर्मचारी बाईंना तुमच्या वतीने फोन करायला सांगा. तुम्हाला सांगता न येणारी अडचण मालकीणबाई त्यांना दोन मिनिटांत सांगतील.

नवी बँकॉककर:

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात सांगण्यासारखे काही घडत नव्हते आणि नंतर सगळे एकदमच घडले.

तळमजल्यावरच्या बाईंनी फोन लावला आणि त्या पंचवीस मिनिटे बोलल्या. त्यातली पहिली पंधरा मिनिटे कोराटच्या पावसावर गेली असावीत, असा माझा अंदाज आहे. शेवटी त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारले, "ओळखपत्राची प्रत तुम्ही कोणाला देणार?" चियांग माईच्या ताईंचा तर्क तंतोतंत खरा निघाला. मालकीणबाईंच्या शाळेतील एका सहकाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीवर कोणीतरी मोबाइलची तीन सिमकार्डे घेतली होती, आणि तेव्हापासून त्यांनी कुणालाही प्रत द्यायची नाही असे ठरवले होते. करार करताना त्यांनी ती का दिली नाही, हे मला तेव्हा विचारायला हवे होते. माझ्या हातातील करारावर ओळखपत्राच्या प्रतीची जागा रिकामीच होती आणि मी आंबे घेऊन घरी आले होते.

मी रेघांचा नमुना पाठवला. चौथ्या दिवशी टपालाने जाड पाकीट आले. त्यात ओळखपत्राची एक आणि थाबियन बानच्या दोन प्रती होत्या. तिन्हींवर पट्टीने मारलेल्या निळ्या रेघा होत्या आणि रेघांमध्ये फळ्यावर लिहावे तशा सुंदर अक्षरात मजकूर होता. खाली "सम्नाव थुक तोंग". सोबत त्यांनी मी भरलेला अर्जही परत पाठवला होता, आणि त्यातील सोईच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या, नावाचे माझे चुकलेले स्पेलिंग लाल शाईने दुरुस्त केले होते. लाल शाईमुळे तो अर्ज मला पुन्हा लिहावा लागला.

कार्यालयात ८०० बाथ दंड झाला. पावती त्यांच्या नावाने फाटली आणि पैसे मी दिले, काका म्हणाले होते तसेच. ते मागावेत की नाही, यावर यजमानांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. नवी चिठ्ठी पासपोर्टात स्टेपल झाली आणि त्याच दिवशी नव्वद दिवसांचे कामही उरकले.

आता एकच शंका उरली आहे. दिवाळीला आम्ही तिघेही नाशिकला जाणार आहोत. परत आल्यावर हे सर्व पुन्हा करायचे का?

रयोंगचे काका:

याच घरी परत येणार असाल आणि जाण्यापूर्वी री-एंट्री परमिट (देशात परत येण्याचा परवाना) घेतलेले असेल, तर नाही. २०२० मध्ये ती अट सैल झाली, आणि परमिट घेऊन त्याच पत्त्यावर परतणाऱ्याला नवा टीएम ३० लागत नाही. पण परमिट विसरलात तर थायलंड सोडताच तुमची मुदतवाढ रद्द होते, आणि मग टीएम ३० ही तुमची सर्वांत लहान अडचण ठरेल. एका फेरीचे परमिट १,००० बाथ, अनेक फेऱ्यांचे ३,८००. यजमानांच्या मुदतवाढीचे काम झाल्यावर तिघांचेही काढा, त्याआधी नको, कारण परमिट जुन्या मुदतीबरोबरच संपते. आणि परत आलात की तुमचे नव्वद दिवस उतरल्या तारखेपासून नव्याने मोजले जातील.